फिरत्या मानेचा फ्लॅश

चार वर्षांपासून माझ्या कॅमेऱ्यात आमच्या महालक्ष्म्यांना डोळे नाहीत. घरात आहेत. पितळी मुखवट्यांवर चांगले टपोरे, काळेभोर डोळे काढलेले आहेत आणि माणूस दारातून आत आला की थोरली-धाकटी दोघी बहिणी त्याच्याकडेच पाहताहेत असं वाटतं. पण मी फोटो काढला की जरीच्या दोन शालूंवर दोन पांढरे गोळे तेवढे उमटतात. पहिल्या वर्षी ते देवीचं तेज म्हणून मी खपवलं. दुसऱ्या वर्षी शीला, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "एवढं तेज हाये त आपल्याले लाईटचं बिल काहून येते?" त्यानंतर मी तेजाचा विषय काढला नाही.

दोष कॅमेऱ्यातल्या फ्लॅशचा होता. तो भिंगाच्या डोक्यावर बसतो, समोर सरळ उजेड फेकतो आणि चिंचेने घासून लख्ख केलेलं पितळ तो उजेड सरळ परत पाठवतं. प्रकाश ज्या कोनात येतो त्याच कोनात परत जातो, हे मी मालेगावच्या शाळेत आठवीच्या पोरांना बावीस वर्षं शिकवतो आहे. त्यासाठी स्वतःच्या हाताने काढलेला तक्ताही माझ्याकडे आहे. म्हणजे फोटो का बिघडतो हे गावात सगळ्यांत नीट मला कळत होतं, आणि गावात सगळ्यांत वाईट फोटो माझेच येत होते. फ्लॅश बंद ठेवून पाहिला तर शीलाने लावलेल्या दिव्यांच्या माळा दर दोन सेकंदांनी रंग बदलायच्या आणि फोटोत देवींच्या जागी हललेली जत्रा यायची. हे मालेगाव म्हणजे वाशीम जिल्ह्यातलं, जहांगीरचं. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे त्यावरून फार मनस्ताप झाला.

यंदा मात्र गोष्ट थट्टेपुरती राहिली नाही. आमची आई, प्रयागबाई, आषाढात रिसोडला माझ्या थोरल्या भावाकडे गेली होती. तिथे न्हाणीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी तीन महिने पलंग सोडायचा नाही आणि गाडीत तर मुळीच बसायचं नाही म्हणून बजावलं. आता, लग्न होऊन आल्यापासून आईने भाद्रपदातल्या आमच्या महालक्ष्म्या दुसऱ्या कुणाच्या हाताने बसू दिलेल्या नाहीत. बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी नैवेद्य दाखवायचा, देवींच्या तोंडाकडे डोळे भरून पाहायचं आणि मगच अन्नाला शिवायचं, हा तिचा साठ वर्षांचा नेम आहे. श्रावणात तिचा फोन आला.

"बापू, औंदा शीलाच्या हातानं बसू दे. पन मले त्यायचे डोये पाह्यचे हायेत."

"व्हिडिओ कॉल करतो ना माय."

"त्या चपट्या डब्यात मले काईच दिसत नाही. मोठा फोटो आन. डोये दिसले त मी अठूनच हात जोडते. नाही दिसले त जीप सांगते आन येते."

"अवं, डॉक्टरनं काय सांगतलं हाये?"

"डॉक्टरच्या घरी महालक्ष्म्या हायेत काय?"

डॉक्टरांच्या घरी महालक्ष्म्या नव्हत्या. आई बोलते ते करते, हे आम्ही दोघं भाऊ लहानपणापासून अंगावर सोसून शिकलो आहोत. फोटोत डोळे आले नाहीत तर आई मोडक्या खुब्याने जीपमध्ये बसणार, हे त्या क्षणी पक्कं झालं. मला खरोखर भीती वाटली.

शीलाचं म्हणणं सोपं होतं. "बस स्टँडवरच्या धनराजभाऊले बोलवा. स्टुडिओवाला मानूस, दोन मिनिटात काढून देईन."

"देवी आपल्या, माय माही, कॅमेरा माहा," मी म्हणालो, "मंग फोटो कायले दुसऱ्याचा?"

"आन गोळेबी तुमचेच," ती म्हणाली.

यावर शहाण्या माणसाने गप्प बसावं. मी बाहेरचा फ्लॅश घ्यायचं ठरवलं, म्हणजे कॅमेऱ्याच्या डोक्यावर वेगळा बसवायचा तो. आणि हे ठरवताना मी अंगणात उभा राहून मोठ्याने बोललो, ही माझी पहिली चूक. कुंपणापलीकडे शालिग्रामभाऊ दाढी करत होते.

शालिग्रामभाऊ एसटीचे निवृत्त कंडक्टर. एसटीतून ते निवृत्त झाले, पण माणसांना योग्य ठिकाणी पोचवायच्या कामातून अजून झालेले नाहीत. अर्ध्या गालावर फेस तसाच ठेवून ते कुंपणाशी आले. "सर, फ्लॅश घ्याचा त मोठा घ्या. बॅटरी घेतो तवा काय पाह्यतो आपन? किती लांब जाते ते. वावराच्या त्या टोकाचं रानडुक्कर दिसलं पाह्यजे."

"भाऊ, देवी चार हातांवर हाये."

"मंग त आनखीनच चांगली दिसन!"

हे शास्त्र घेऊन रविवारी आम्ही दोघं एसटीने वाशीमला गेलो. दुकानदाराने तीन फ्लॅश काढून ठेवले. पेट्यांवरचे आकडे मी वाचत होतो आणि शालिग्रामभाऊ हातात धरून वजन पाहत होते. शेवटी वजनदार तो आम्ही घेतला. कॅमेऱ्यावर बसवताना तो थोडा अडला, तर दुकानदार म्हणाला, "नवा हाये सर, बसन हळूहळू." चपलेच्या बाबतीत हे खरं असेल. कॅमेऱ्याच्या डोक्यावरचे टाचणीएवढे बिंदू आणि फ्लॅशच्या बुडाचे बिंदू यांची गाठच पडत नव्हती, कारण तो फ्लॅश दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्याचा होता. पण हे मला परतीच्या एसटीत कळलं.

तिथे मी त्याचं एक बटण दाबून पाहिलं. कॅमेऱ्यासाठी न पेटणारा तो फ्लॅश एकट्याने असा काही पेटला की सबंध एसटी पांढरी झाली. पुढच्या सीटवरचं बाळ रडायला लागलं. ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली. कंडक्टर टोपी नीट करत माझ्यापाशी आला आणि अदबीने म्हणाला, "साहेब, तपासनीले हायेत काय? समद्यायचे तिकीटं फाडले हायेत." शालिग्रामभाऊंनी गंभीरपणे "ठीक हाये, चालू द्या" असं सांगितलं आणि मालेगावपर्यंत ते ताठ बसून आले. दुसऱ्या दिवशी मी एकटाच जाऊन फ्लॅश परत केला. दुकानदाराने पैसे दिले नाहीत, कॅमेऱ्याची एक तिपाई दिली.

मग मी मुकाट्याने धनराजकडे गेलो. त्याने माझे चार वर्षांचे पांढरे गोळे एकेक करून पाहिले. हसला नाही, याबद्दल मी त्याचा कायमचा ऋणी आहे. गणपतीच्या सहा मंडळांचं काम असल्याने त्याला स्वतःला येणं जमणार नव्हतं, पण सल्ला मात्र त्याने बिनतोड दिला. "सर, ताकदीले काय चाटता? मान फिरनारा घ्या. देवीच्या तोंडावर उजेड मारायचाच नाही. फ्लॅशचं तोंड छताकडं करा. उजेड छतावर जाईन आन वरून झिरपत खाली येईन. पितळ चमकनार नाही, डोये दिसतीन."

म्हणजे परावर्तनच. माझाच धडा, पान बावन्न. मी मान हलवली आणि हे आपल्याला माहीतच होतं असा चेहरा ठेवून घरी आलो.

मान फिरणारा, माझ्या कॅमेऱ्याला बसणारा फ्लॅश वाशीममध्ये नव्हता. मी तो ऑनलाइन मागवला. सहाव्या दिवशी फोनवर निरोप आला की तुमचं पार्सल मालेगावला पोचलं आहे. मी दिवसभर शाळेतून रजा घेऊन दारात बसलो. संध्याकाळी दुसरा निरोप आला की ग्राहक घरी सापडले नाहीत. मी कंपनीच्या नंबरवर फोन केला. निकिता नावाची एक गोड आवाजाची मुलगी बोलली.

"सर, आमचा माणूस आपल्या पत्त्यावर जाऊन आला. तिथे त्या नावाचं कुणी राहत नाही."

"ताई, मी दारातच बसलो आहे. तुमचा माणूस कोणत्या मालेगावात आहे?"

"सर, नाशिक जिल्ह्यात."

"मी वाशीम जिल्ह्यात आहे."

पलीकडून कळफलकाची टकटक आली. "सर, माझ्याकडे मालेगाव एकच दिसतंय."

मी शांत माणूस आहे, पण तालुक्याच्या ठिकाणी राहतो. आमचं गाव आहे की नाही हे एका मुलीला संगणकात दिसत नाही म्हणून अडून राहावं, याचं मला वाईट वाटलं. ती पिनकोड विचारायला लागली तोवर मी चालत कुंपणाशी आलो होतो आणि शालिग्रामभाऊंनी कुंपणावरून हात लांब करून माझा फोन घेतला होता. "वो बाई, लिहून घ्या! अकोला, पातूर, मेडशी, मालेगाव! मालेगावात उतरनारे उतरून घ्या, पुढं वाशीम!" बत्तीस वर्षं रोज ओरडलेलं वाक्य ते. पलीकडे निकिताची बोटं पुन्हा चालायला लागली. मग म्हणाली, "सर, मेडशीच्या पुढचं ना? नोंद करते." पिनकोडने झालं नसतं ते मेडशीने झालं.

महालक्ष्म्या बसायच्या दिवशी दुपारी बारा वाजता पार्सल आलं. खोक्याचा एक कोपरा चेपला होता, त्यावर दोन्ही मालेगावांचे शिक्के होते, पण आत फ्लॅश शाबूत होता. मान वर-खाली होत होती, डावी-उजवीकडे फिरत होती. मी त्याला कॅमेऱ्यावर बसवला आणि टक्क आवाज आला. त्या आवाजाने मला जे समाधान झालं ते मी पगारवाढीच्या दिवशीही अनुभवलेलं नाही.

संध्याकाळी शीलाने देवी बसवल्या. आईने फोनवरून एकेक गोष्ट सांगितली होती आणि शीला ती मनातल्या मनात म्हणत, ओठ हलवत करत होती. वर फुलोरा टांगला, करंज्या, पापड्या, वेण्या. हळदीकुंकवाला गल्लीतल्या बाया जमल्या. मी तिपाई मांडली, फ्लॅशची मान छताकडे केली, दम धरला आणि बटण दाबलं.

डोळे आले! चारही डोळे, बुबुळांसकट. मी ओरडायच्या बेतात होतो, एवढ्यात शालिग्रामभाऊंच्या बायकोने, धनीबाईंनी, कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या काचेत डोकावून पाहिलं. "अवं माय! देवी हिरवी झाली!"

देवी खरंच हिरवी होती. पोपटी म्हणा. नाक, गाल, कपाळ, सगळं कच्च्या कैरीच्या रंगाचं.

इथे मला एक कबुली दिली पाहिजे. दोन वर्षांपूर्वी घराला रंग दिला तेव्हा शीलाला छत पांढरं हवं होतं. मीच म्हणालो होतो की हिरवा रंग डोळ्यांना आराम देतो, हे शास्त्र आहे. मी पिस्ता सांगितला होता आणि रंगाऱ्याने पोपटी लावला, तरी मी शास्त्र सोडलं नाही. हिरव्या छतावर आपटलेला उजेड हिरवाच होऊन खाली येणार, हे आठवीतलं पोरगंही सांगेल. मीच शिकवलेलं आहे.

पण हे समजावून सांगेपर्यंत धनीबाई बाहेर पडल्या होत्या. अर्ध्या तासात आमच्या दारात रांग लागली. कुणी म्हणालं कोप आहे, कुणी म्हणालं यंदा सोयाबीन हिरवंगार राहणार त्याची खूण आहे. आत येऊन पाहावं तर देवी नेहमीसारखी पिवळीधमक. त्यामुळे लोकांची फार निराशा होत होती आणि ती ते माझ्याकडे पाहून व्यक्त करत होते. एका आजीबाईंनी तर, "मास्तर, पुन्हा कवा होईन हिरवी?" म्हणून वेळ विचारली.

गर्दी सरल्यावर शीला दारातच बसली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "मायचा मघाशी फोन आलता. म्हने डोये आले का? मी काय सांगू? हिरवे आले म्हनू?" मग तिने वर पाहिलं आणि पदराने नाक पुसलं. "छत हिरवं हाये म्हनून हिरवी. मंग पांढरं करा. एवढं त मलेबी समजते."

"आता? देवी बसल्या हायेत खाली. उठेपर्यंत त्यायले हलवता येत नाही."

"मंग छत सोडा. मधात काईतरी पांढरं धरा."

बावीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस मी, आणि उपाय चौथी नापास बाईने सांगितला, असं मी लिहिणार नाही. शीला बी.कॉम. आहे. पण उपाय तिनेच सांगितला.

सकाळी सातलाच शालिग्रामभाऊ आपलं ठेवणीतलं धोतर घेऊन हजर. मालेगावात त्यांच्या धोतराइतकं पांढरं काही नाही, असा त्यांचा दावा आहे. ते स्टुलावर चढले, धोतर दोन्ही हातांनी छताखाली ताणून धरलं, मी फ्लॅश त्याच्याकडे केला. देवी निळी आली. धनीबाई नीळ घालताना हात आखडत नाहीत, हे शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झालं. "आता हे बाहीर सांगू नोका," मी हात जोडले. धनीबाईंनी तोंड दाबून धरलं, आणि सांगायला आनंद वाटतो की सात-आठ मिनिटं त्यांनी तो शब्द पाळला.

साडेसात वाजले होते. नैवेद्य दुपारी बाराला. रिसोड दीड तासावर. आणि धनराज मंडळांच्या कामाला निघणार, म्हणून फोटो छापायला त्याचं दुकान नवापर्यंतच उघडं. शीला आतल्या खोलीत गेली आणि पलंगाखालून एक गुंडाळी काढून घेऊन आली. माझा तक्ता. 'प्रकाशाचे परावर्तन', लाल-निळ्या बाणांसकट. तिने तो उलटा केला. पाठीमागे नुसता स्वच्छ, कोरा, जाड पांढरा कागद.

शालिग्रामभाऊंनी तक्ता दोन हातांनी डोक्यावर धरला. बाणांची बाजू छताला, कोरी बाजू देवीला. चालत्या गाडीत बत्तीस वर्षं न धरता उभा राहिलेला माणूस तो, स्टुलावर खांबासारखा स्थिर राहिला. "सर, तयार?"

"तयार."

"टिंग टिंग!"

मी बटण दाबलं.

काचेत पाहायला माझं मन धजेना. शीलाने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. मी पाहिलं. पितळ पितळाच्या रंगाचं होतं. कुंकू लाल होतं. आणि दोघी बहिणी माझ्याकडे सरळ पाहत होत्या, टपोऱ्या, काळ्याभोर डोळ्यांनी. मला रडू आलं. यात लाजण्यासारखं काही नाही असं माझं मत आहे.

"बावीस वर्सात पहिल्यांदा कामी आला तुमचा तक्ता," शीला म्हणाली. "तोबी उलटा धरल्यावर."

धनराजने दीड हात लांबीचा फोटो छापून दिला आणि माझ्याशी हात मिळवला. एका स्टुडिओवाल्याने दुसऱ्या स्टुडिओवाल्याशी मिळवावा तसा मिळवला. फोटो छातीशी बांधून मी मोटारसायकलवर शिरपूरमार्गे रिसोडला निघालो. अकरा वाजता भावाच्या दारात पोचलो.

दारात जीप उभी होती. मागच्या सीटवर गादी घातलेली, दोन उशा, एक तांब्या. ड्रायव्हर बबलू बोनेटला टेकून तंबाखू मळत होता. "मावशीनं अकराले बलावलं," तो म्हणाला. भाऊ ओसरीत डोकं धरून बसला होता. आत आई नवं लुगडं नेसून, केस विंचरून, पलंगावर तयार होती.

"आनला?"

मी फोटो तिच्यासमोर धरला. तिने चष्मा पुसला, लावला. आधी एका देवीकडे पाहिलं, मग दुसरीकडे. बोटाने तिने फोटोला नुसता स्पर्श केला, डोळ्यांच्या खाली, लेकराचं तोंड पुसावं तसा. मग तिने हात जोडले. गालावरून पाणी वाहत होतं ते तिने पुसलं नाही.

आणि मग तिच्या कपाळाला आठी पडली. फोटो तिने नाकाजवळ नेला.

"शीलाले फोन लाव."

"काय झालं माय?"

"लाव म्हनते ना!" मी लावला. "शीला, थोरलीची नथ धाकटीच्या नाकात काहून घातली?"

मग शीलाचा बारीक आवाज, "कशावरून म्हनता माय?"

"माह्या सासूची नथ हाये ते. तिच्यातला खालचा मोती टवका उडेल हाये. अठी धाकटीच्या नाकात मले तो टवका सपष्ट दिसून राह्यला. बदल अगुदर. मंग निवद दाखव."

मी फोटो ओढून घेतला आणि पाहिलं. होता. मुगाच्या डाळीएवढा मोती आणि त्याचा मोहरीएवढा उडालेला टवका. चार वर्षं ज्या माणसाच्या फोटोत देवीचं अख्खं तोंड दिसलं नाही, त्याच्या फोटोत आता मोत्याचा टवका दिसत होता! मी तो भावाला दाखवला, वहिनीला दाखवला, बाहेर जाऊन बबलूला दाखवला. फोनवर शीला दात आवळून म्हणत होती, "इतका चांगला काढायची काय गरज होती?" आजवर मला मिळालेली ही सर्वांत मोठी शाबासकी आहे.

नथी बदलल्या. बाराला नैवेद्य दाखवला. तिकडून घंटीचा आवाज फोनवर आला तेव्हा आईने भिंतीला टेकवलेल्या फोटोकडे पाहत पुन्हा हात जोडले. मग वहिनीला म्हणाली, "ताट आन. भूक लागली." पुरणपोळीचा पहिला घास तिने तोंडात घातला आणि भावाने ओसरीत मोठ्याने सुस्कारा सोडला.

बाहेर बबलूने हॉर्न वाजवला. "मावशी, मालेगावले चालता ना?"

आईने घास गिळला, पाणी प्यायली आणि खिडकीकडे तोंड करून ओरडली, "जाय रे बाबू परत. मी पोचली."